दिनविशेष : २ जानेवारी १९४३ – सिद्धगडचे बलिदान

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात या दिवशी ब्रिटिश सरकारच्या पोलिसांच्या गोळीबारात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांच्या 'आझाद दस्ता' या क्रांतिकारी तुकडीने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले होते. हा निव्वळ विध्वंस होता, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. ऐन महायुद्धात गिरण्या आणि रेल्वे ज्या विजेवर चालत, तिच्यावरच हा घाव होता. डोंगरातला एक मनोरा कोसळला की शहरातली यंत्रे थंडावत आणि सरकारला रानोमाळ पोलीस धाडावे लागत. दस्ता टिकला तो केवळ झाडीच्या आडोशाने नव्हे. माथेरानचे वकील असलेल्या कोतवालांनी आधी शाळा काढल्या, धान्यकोठार उभारले, शेतकऱ्यांचा विश्वास कमावला. म्हणूनच त्यांना पकडण्यासाठी बंदुकीआधी सरकारला बक्षिसाचे आमिष दाखवावे लागले.