नदीतट-संरक्षणाची साधने व त्यांची कसोटी

वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता उगम पावते आणि मुलचेरा, अहेरी व सिरोंचा या तालुक्यांच्या पश्चिमेकडून वाहत जाऊन सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. अशा नद्यांच्या वालुकामय पात्रात काठ अथवा बांधकाम टिकविणे हा केवळ भक्कम साहित्याचा प्रश्न नव्हे. पायाखालची वाळू कशी हलते हे जाणण्याचाही तो प्रश्न आहे. त्याचा इतिहास पाहता साहित्याची परीक्षा आणि कार्याची परीक्षा अशा दोन परंपरा दिसून येतात.

यांपैकी दुसरी परंपरा अधिक जुनी होय. फ्रान्सिस स्प्रिंग यांनी १९०३ साली मार्गदर्शक बांधांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा बांधाच्या पायथ्याशी सुट्या दगडांचा थर पसरण्याची रीत होती. प्रवाहाने तळ खणला की हे दगड घसरून नव्या उतारावर आपोआप पांघरले जात. सुटेपणा हेच या साधनाचे बळ होते. मुंबई सरकारने १९१६ साली सुरू केलेल्या पाटबंधारे-संशोधन विभागातून पुढे खडकवासल्याचे संशोधन केंद्र वाढले. तेथे क्लॉड इंग्लिस यांनी नद्यांच्या प्रतिकृतींवर प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १९४९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. दगड किती कठीण, यापेक्षा तळ किती खोल खणला जाईल, हा त्यांच्या विचाराचा केंद्रबिंदू होता.

पहिली परंपरा बाजारपेठेच्या गरजेतून जन्मास आली. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली व १९५२ च्या कायद्याने तिला प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला. १९८७ साली तिची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली. सिमेंट असो वा कापड, ठरलेल्या रीतीने नमुना तपासून माल ठरीव गुणाचा आहे एवढी ग्वाही हे चिन्ह देते. दूरच्या जिल्ह्यात काम करणाऱ्या अभियंत्यास त्याचा मोठाच आधार असतो.

कृत्रिम तंतूंच्या विणलेल्या कापडात काँक्रीट भरून केलेल्या गाद्यांपाशी या दोन्ही परंपरा समोरासमोर येतात. दोन पदरांच्या या पिशवीत पातळ काँक्रीट पंपाने भरले जाते. जादा पाणी कापडातून झिरपून जाते व आतील मिश्रण अधिक बळकट होते. कापडाचे ताणबल, छिद्रांचा आकार, पाण्याची झिरप व उन्हाचा परिणाम ही सर्व प्रयोगशाळेत मोजता येतात. परंतु काँक्रीट घट्ट झाल्यावर गादी सुट्या दगडांप्रमाणे खचणाऱ्या तळामागे जाऊ शकत नाही. खालची माती वाहून गेली तरी ती वरून अभंग दिसते. पोकळी मात्र झाकलेलीच राहते. म्हणून गादी, खालचा गाळणथर, कडेचे अडकण व मूळची माती या सर्वांची एकत्र, वाहत्या पाण्यात परीक्षा व्हावी लागते.

या भेदाचे गांभीर्य सिरोंचा तालुक्यासमोरच प्रत्ययास आले. महाराष्ट्र व तेलंगण यांच्यात २०१६ साली झालेल्या करारानंतर गोदावरीवर मेडीगड्डा येथे बांधलेले बॅरेज २०१९ साली कार्यान्वित झाले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याचे काही खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने पायाखालची वाळू वाहून जाणे हे प्रमुख कारण सांगितले. नियोजन, आराखडा, गुणनियंत्रण व देखभाल या चारही बाबींत तिला उणिवा आढळल्या. ही घटना काँक्रीटच्या गाद्यांची नव्हे, हे खरे. तथापि दृष्टीआडच्या तळाची उपेक्षा झाल्यास वरचे बांधकाम तरत नाही, हा तिचा बोध त्यांनाही तितकाच लागू पडतो.

प्रमाणचिन्ह मालाविषयी बोलते. नदीविषयी ते काहीच सांगू शकत नाही. काठावर ज्यांची शेते आहेत, त्यांचे हित मात्र दुसऱ्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. यास्तव प्रमाणित माल स्वीकारल्यानंतरही त्या त्या पात्राच्या तळाचा अभ्यास, प्रवाहातील प्रयोग व प्रत्येक पावसाळ्यानंतरची पाहणी ही कर्तव्ये शिल्लक राहतात.