मळ्यातलं घर

आमच्या माण तालुक्यात पाऊस कमी. पलीकडं कोयनेला आभाळ फाटतं आणि आमच्यावरनं नुसते ढग पळतात. म्हणून आमची जुनी घरं कौलाची नाहीत, माळवदाची. मळ्यात आमचंही असंच पाच खणांचं घर आहे. त्याला किती वर्षं झाली, हे कुठल्या कागदावर नाही. सातबाऱ्यावर जमीन आहे, विहीर आहे, घराचं वय नाही. म्हणून मला ठाऊक आहे तेवढं लिहून ठेवतो.

हे घर मुळात आमचं नव्हतंच. जमीन मालकाची, आजा त्यांचं कूळ. मोट हाकायला आणि राखणीला माणूस मळ्यातच पाहिजे, म्हणून मालकाच्या वाडवडिलांनी ते बांधलेलं. पुढं 1948 चा कूळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्यानं मालक मानला गेला. किंमत मात्र हप्त्यानं फेडायची होती. आजानं ती फेडली. शेवटच्या हप्त्याची पावती त्यानं पत्र्याच्या डब्यात घालून बळदात ठेवली. तो डबा अजून आहे.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. हादरा आमच्यापर्यंत आला. मागची भिंत हात जाईल एवढी फाटली. बापय माणसं नुसती बघत उभी राहिली. आईनं पांढरी माती चाळली, तिच्यात भुसा आणि शेण घालून आठवडाभर कुजत ठेवली आणि एकटीनं ती भेग बुजवली. ती जागा आजही सांगितल्याशिवाय ओळखत नाही.

1972 चा दुष्काळ त्याहून वाईट. घरातली सगळी खडी फोडायला जात होती, खायला लाल मिलो. तेव्हा एक व्यापारी सागवानी तुळयांचं गिऱ्हाईक होऊन आला. रोख पैसे देत होता. आजाचं मन डळमळलं. आई आजापुढं कधी तोंड वर करून बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली, ‘मामंजी, दुष्काळ एका वर्साचा. तुळया गेल्या तर घर माघारी येत न्हाई.’ आजानं व्यापाऱ्याला पाणी पाजून वाटंला लावलं.

अशा घराचं नुकसान शेवटी माझ्याच हातनं झालं. एका साली कांद्याला चांगला भाव मिळाला आणि मी भिंतींना आतबाहेरनं सिमेंटचा गिलावा केला. गावानं नाव काढलं. दोन पावसाळ्यांत गिलाव्याला फुगे आले. टिकाव घातला, तर आतली माती चिखल झालेली. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि उन्हावाऱ्यानं ती ओल उडून जाते. सिमेंटनं तिची वाटच बंद झाली. आई तेव्हा थकलेली होती. बाजेवरनंच म्हणाली, ‘कोंडलंस की रं भितीला.’ सगळा गिलावा मी छिन्नीनं काढला. एक खण कमरेपर्यंत नव्यानं भेंड्यात बांधावा लागला.

तेव्हापासून आई करायची तेच करतो. मृगाच्या आधी माळवदावरचं गवत उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, पन्हाळी साफ करायच्या, खारी माती पसरून चोपायची. ती माती पहिल्या पावसात घट्ट बसते आणि पाणी आत जिरू देत नाही. विहिरीच्या चिऱ्यांत पिंपळाचं रोप दिसलं की लहान असतानाच काढायचं. खर्च फार नाही, पण एक साल चुकवून चालत नाही.

धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याला वाटणी पाहिजे. घर पाडून दोन स्लॅबची घरं बांधू, म्हणतो. त्याचंही खोटं नाही. माळवदावरनं इचू पडतात, सुनांना शेणात हात घालायला नको वाटतं, आणि माझे गुडघे अजून किती वर्षं शिडी चढतील? मी त्याला एवढंच म्हणालो, ‘एक डाव मृगाच्या आधी ये, मग बोलू.’

औंदा आला. पँट गुडघ्यापर्यंत वर करून दिवसभर पाट्या वाहिल्या. दुपारी दोघं सोप्यात आडवे झालो. बाहेर ऊन रखरखत होतं, आत पंख्याची गरज नव्हती. त्यानं मागच्या भिंतीवर हात फिरवला आणि विचारलं, ‘दादा, आईनं बुजवलेली भेग कुठली?’ मी दाखवली.

वाटणीचा कागद त्यानं पिशवीतनं आणला होता. जाताना तो माझ्याकडं दिला. मी तो आजाच्या पावतीच्या डब्यात ठेवला आहे. सही अजून कुणाचीच नाही.