आर्थिक हितसंबंधांचे प्रकटन, विद्यापीठीय संशोधनातील

विद्यापीठातील संशोधकाने उद्योगसंस्थेकडून मिळणारे अनुदान, मानधन, समभाग, पेटंटचे हक्क इ. लाभ आपल्या संस्थेस, नियतकालिकास व वाचकांस कळविणे, यास आर्थिक हितसंबंधांचे प्रकटन म्हणतात. ही प्रथा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली.

तत्पूर्वीची स्थिती साखर उद्योगाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. शुगर रिसर्च फाउंडेशन या साखर उद्योगाच्या संघटनेने १९६५ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठातील पोषणशास्त्रज्ञांकडून आहार व हृदयविकार यांविषयीच्या संशोधनाचा आढावा लिहवून घेतला व त्यासाठी सु. ६,५०० डॉलर दिले. आढाव्याचा उद्देश संघटनेने ठरविला होता. मसुदेही तिच्या नजरेखालून गेले. १९६७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या आढाव्यात साखरेविरुद्धचा पुरावा गौण लेखून आहारातील स्निग्ध पदार्थ व कोलेस्टेरॉल यांवर भर देण्यात आला. संघटनेचे नाव त्यात नव्हते. यात नियमभंग झाला असेही म्हणता येत नाही. कारण त्या नियतकालिकाचा तसा नियमच तेव्हा नव्हता. जुन्या पत्रव्यवहाराच्या आधारे ही हकिकत २०१६ मध्ये उजेडात आली. तोवर सु. अर्धशतक वाचकांनी हा आढावा निःपक्षपाती समजूनच वाचला.

शासकीय अनुदानातून लागलेल्या शोधांची पेटंटे विद्यापीठांनी स्वतःकडे ठेवावीत, अशी मुभा १९८० च्या बे-डोल कायद्याने दिली आणि विद्यापीठांचा उद्योगांशी संबंध अधिक निकट झाला. १९८४ मध्ये संपादक आर्नल्ड रेलमन यांनी उपर्युक्त नियतकालिकाच्या लेखकांना हितसंबंध कळविण्यास सांगितले; पुढे इतर नियतकालिकांनीही तसे नियम केले. सार्वजनिक आरोग्य सेवेचे अनुदान घेणाऱ्या संशोधकांवर १९९५ च्या शासकीय नियमांनी १०,००० डॉलरांवरील हितसंबंध आपल्या संस्थेस कळविण्याचे बंधन घातले. २०११ मध्ये ही मर्यादा ५,००० डॉलरांवर आणण्यात आली. तथापि केवळ उद्योगांच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनास हे नियम लागू नाहीत; तेथे मुख्यतः विद्यापीठाचे नियम व नियतकालिकांच्या अटी यांवरच भिस्त असते.

या पद्धतीचा मुख्य दोष असा, की ती संशोधकाच्या स्वतःच्या निवेदनावर अवलंबून असते. म्हणून २०१० च्या कायद्याने औषधे व वैद्यकीय साधने बनविणाऱ्या कंपन्यांनाच डॉक्टर व अध्यापन रुग्णालये यांना दिलेल्या रकमा जाहीर करणे भाग पाडले. घेणाऱ्याचे निवेदन देणाऱ्याच्या नोंदीशी ताडून पाहणे त्यामुळे कोणाही नागरिकास शक्य झाले. प्रकटनाने हितसंबंध नाहीसे होत नाहीत. निष्कर्षावर किती विश्वास ठेवावा, हे ठरविण्याचे साधन मात्र वाचकाच्या हाती येते.