शिकाऱ्याचे पाय कोरडे कोणी ठेवले? एका शिवणीचा इतिहास

आर्क्टिकवरच्या कुठल्याही जुन्या पुस्तकात एक चित्र हमखास सापडतं. पांढऱ्याशुभ्र बर्फावर एक इन्युइट शिकारी हातात हार्पून घेऊन, वाकून उभा आहे. त्याच्यासमोर बर्फात एक लहानसं भोक आहे. गोठलेल्या समुद्राखालचा सील श्वास घ्यायला तिथे येतो. सीलला अशी अनेक भोकं असतात, त्यामुळे तो नेमका इथे कधी येईल ते सांगता येत नाही. शिकाऱ्याला तासन् तास हालचाल न करता उभं राहावं लागतं, कारण पाय जरा आपटला तरी आवाज बर्फातून खाली जातो आणि सील दुसरीकडे निघून जातो.

चित्र बघताना आपलं लक्ष हार्पूनकडे जातं. आज त्याच्या पायांकडे बघू. उणे तीस अंशांत पाय न हलवता चार-पाच तास उभं राहणारा माणूस संध्याकाळी धड पायांनी घरी कसा परत येतो? प्रश्न साधा दिसतो, पण नीट धरून ठेवला तर तो आपल्याला शिकारीच्या इतिहासातून थेट शिवणकामाच्या इतिहासात घेऊन जातो. संशोधनाचा विषय शोधत असाल तर हा प्रवास बघण्यासारखा आहे.

आधी अडचण समजून घेऊ

पाय गरम ठेवायचे म्हणजे जाड बूट घालायचे, असं आपल्याला वाटतं. खरं तर ऊब देते ती चामड्यात, केसांत, गवतात अडकून राहिलेली हवा. ती हवा जाऊन तिथे पाणी आलं की खेळ संपला, कारण पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे 24 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणजे थंडीत पायाचा खरा शत्रू ओल. ती दोन बाजूंनी येते. बाहेरून वितळलेला बर्फ आणि समुद्राचं पाणी, आणि आतून पायाचा घाम. बाहेरचं पाणी पूर्ण अडवणारा बूट आतला घामही अडवतो, ही यातली गोम.

ओल किती महाग पडते हे पहिल्या महायुद्धात युरोपने मोठ्या प्रमाणावर पाहिलं. खंदकातल्या चिखलात दिवसेंदिवस उभ्या असलेल्या सैनिकांचे पाय गोठणबिंदूच्या वरच्या तापमानातही सडू लागले. ‘ट्रेंच फूट’ हे नाव तेव्हाच रूढ झालं. त्यावर उपाय म्हणून मोजे बदलणं, पाय कोरडे करणं, व्हेलचं तेल चोळणं आणि रोजची पायांची तपासणी, हे सगळं लष्करी शिस्तीचा भाग करावं लागलं.

एक बूट नव्हे, बुटांची पद्धत

इन्युइट बुटाला ‘कामिक’ म्हणतात. पण ‘कामिक म्हणजे सीलच्या चामड्याचा बूट’ असं एका ओळीत लिहून पुढे गेलात तर हातातली मुख्य गोष्ट निसटेल. ऋतूप्रमाणे, बर्फाप्रमाणे आणि कामाप्रमाणे बूट बदलत.

कोरड्या, कडक थंडीसाठी कॅरिबूच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या रेनडिअरच्या, कातडीचे बूट. या प्राण्याचे केस आतून पोकळ असतात, त्यांत हवा साठते. आतला थर केस पायाकडे करून आणि बाहेरचा थर केस बाहेर करून घालत. वसंतात बर्फ वितळू लागला की हे बूट कुचकामी ठरतात. मग सीलचं चामडं. त्यातही दोन प्रकार: वरचा काळा पापुद्रा राखून केस खरवडलेलं चामडं पाणी चांगलं अडवतं, म्हणून ते ओल्या दिवसांसाठी. पापुद्रा काढून, थंडीत वाळवून पांढरं केलेलं चामडं तितकं पाणी अडवत नाही, म्हणून ते कोरड्या थंडीसाठी. तळव्याला दाढीवाल्या सीलचं जाड, चिवट कातडं. थरांच्या मधे काही ठिकाणी सुकं गवत घालत, ते घाम शोषतं आणि बदलता येतं.

आणि बूट घरी आल्यावरचं काम? आत शिरण्याआधी दांडक्याने झटकून बर्फ काढायचा, नाहीतर तो आत वितळून कातडीत मुरणार. मग सीलच्या चरबीवर जळणाऱ्या ‘कुल्लिक’ या दगडी दिव्यावरच्या मांडणीवर बूट वाळत घालायचे. वाळून कडक झालेला तळवा सकाळी चावून मऊ करायचा. दुसऱ्या दिवशीची शिकार आदल्या रात्रीच्या या कामावर उभी असायची. आणि ते काम बहुतेक करून बायका करत.

आता शिवणीकडे या

चामडं पाणी अडवतं हे ठीक. पण बूट शिवायचा म्हणजे त्याला शेकडो भोकं पाडायची. मग पाणी आत का येत नाही?

उत्तर टाक्यात आहे. जलरोधक शिवण घालताना सुई दोन्ही चामड्यांतून आरपार जात नाही. एका तुकड्याच्या जाडीतच ती अर्ध्यावर वळवून बाहेर काढतात. मग दुसऱ्या बाजूने टाक्यांची दुसरी ओळ. त्यामुळे आतून बाहेरपर्यंत सलग जाणारं एकही भोक राहत नाही. दोरा असतो प्राण्याच्या कंडरेचा, बहुधा कॅरिबूच्या पाठीलगतची कंडरा सुकवून, उभी चिरून काढलेला. ओला झाला की हा दोरा फुगतो आणि सुईने पाडलेलं भोक स्वतःच बुजवतो. मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीच्या कातडीत अर्ध्यावर सुई थांबवायची, तीही पूर्ण बुटाच्या परिघाभर. करून बघा, म्हणजे हे ‘घरकाम’ किती कसबाचं आहे ते कळेल.

इथे एक तुलना उपयोगी पडते. अमेरिकेतल्या मेन राज्यात लिऑन लिऑनवुड बीन नावाचा एक शिकारी-दुकानदार होता. शिकारीत पाय ओले होतात म्हणून वैतागून त्याने 1912 मध्ये खाली रबर आणि वर चामडं असा बूट विकायला काढला. पहिल्या 100 जोड्यांपैकी 90 परत आल्या, कारण चामडं रबरापासून सुटू लागलं. म्हणजे गाडी जोडावरच अडली! बीनने पैसे परत केले, बूट सुधारला, पुढे मोठी कंपनी उभी राहिली. ही गोष्ट कंपनी स्वतः अभिमानाने सांगते, आणि ‘आम्ही पैसे परत देतो’ या तिच्या प्रतिमेला ती सोयीची आहे, हे वाचताना लक्षात ठेवा. पण आपल्या प्रश्नासाठी फरक असा: बीनचा पहिला जोड फसला आणि त्याचं नाव, साल, आकडे सगळं नोंदलं गेलं. कामिकची शिवण शतकानुशतकं टिकली आणि ती घालणाऱ्या बहुतेक हातांची नावं कुठेही नाहीत.

मग पुरावा कुठून आणायचा?

चामडं कुजतं. पुरातत्त्वात शिकार म्हटली की दगडी टोकं आणि हाडं भरपूर मिळतात, बूट क्वचित. म्हणून शिकारीचा इतिहास आपोआप हत्यारांचा इतिहास होतो. पुरावा जे टिकवतो तेच महत्त्वाचं होतं असं मानणं, ही या क्षेत्रातली जुनी खोड आहे. त्यावर अभ्यासकांनी काढलेल्या वाटा बघा.

पहिली वाट शरीराची. एरिक ट्रिंकॉस या मानवशास्त्रज्ञाने पायाच्या धाकट्या बोटांच्या हाडांचा अभ्यास केला. टणक बूट नियमित वापरले की बोटांवरचा ताण कमी होतो आणि ही हाडं नाजूक राहतात. बीजिंगजवळच्या तियानयुआन गुहेतल्या सुमारे 40,000 वर्षांपूर्वीच्या सांगाड्यात त्याला आणि हाँग शांग यांना अशी हाडं दिसली. बूट सापडला नाही, पण बूट घालणारा पाय सापडला.

दुसरी वाट बर्फाची. 1991 मध्ये आल्प्समध्ये सापडलेला ‘ओत्झी’ पाच हजार वर्षांहून जुना. त्याच्या बुटात लिंडन झाडाच्या सालीच्या दोऱ्यांची जाळी होती आणि त्या जाळीने पायाभोवती सुकं गवत धरून ठेवलं होतं. ग्रीनलंडमध्ये किलाकित्सोक इथे 1972 साली पक्ष्यांच्या शिकारीला गेलेल्या दोन भावांना सहा बायका आणि दोन मुलांचे सुकलेले मृतदेह सापडले. काळ साधारण 1475. त्यांच्या अंगावरचे कातडी कपडे आणि कामिक शाबूत होते, त्यामुळे टाके मोजता येतात, थर उलगडता येतात.

तिसरी वाट दातांची. चार्ल्स मर्ब्स यांनी कॅनडातल्या साउथॅम्प्टन बेटावरच्या सांगाड्यांचा अभ्यास केला. बायकांच्या जबड्याच्या सांध्यातल्या झिजेचा संबंध त्यांनी कातडी चावून मऊ करण्याशी जोडला. शिकाऱ्याच्या कोरड्या पायांची किंमत दुसऱ्याच कोणाच्या जबड्यावर लिहिलेली आहे!

चौथी वाट संग्रहालयं आणि आठवणी. टोरांटोतल्या बाटा शू म्युझियममध्ये ध्रुवीय प्रदेशातल्या पादत्राणांचा मोठा संग्रह आहे. हो, शाळेच्या बुटांवर आपण वाचलेलं तेच ‘बाटा’. जिल ओक्स आणि रिक रीव्ह यांनी इन्युइट शिवणकाम करणाऱ्या बायकांशी बोलून ‘अवर बूट्स’ हे पुस्तक 1995 मध्ये केलं. वस्तू टाका दाखवते. तो तसा का घातला, हे बाईच सांगू शकते.

इतिहास कोणाचा लिहिला जातो

1966 मध्ये शिकागोत ‘मॅन द हंटर’ नावाची प्रसिद्ध परिषद झाली. तिच्यावर पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी टीका केली: बायका गोळा करत असलेल्या अन्नाचं काय? टीका रास्त होती. पण आर्क्टिकमध्ये गोळा करण्यासारखी वनस्पती फार थोडी. त्यामुळे ‘अन्न कोणी आणलं’ एवढाच प्रश्न ठेवला तर इन्युइट बायका पुन्हा कडेला पडतात. प्रश्न ‘शिकार शक्य कोणी केली’ असा बदला, मग चित्र बदलतं. नुड रासमुसेनने 1920च्या दशकात नोंदवलेल्या नेत्सिलिक नियमांनुसार कॅरिबूच्या कपड्यांची शिवण हिवाळ्यात समुद्राच्या बर्फावर जाण्याआधी उरकावी लागे. म्हणजे सीलच्या शिकारीचा हंगाम शिवणीच्या हंगामाला बांधलेला होता.

रोआल्ड आमुंडसेनचंच बघा. 1903 ते 1905 तो नेत्सिलिक लोकांजवळ राहिला, त्यांच्याकडून कातडी कपडे घेतले, वापरायला शिकला. 1911 मध्ये तो दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा ते शिक्षण त्याच्यासोबत होतं. हे तो मोकळेपणाने मान्य करतो. तरीही लोकप्रिय इतिहासात ‘आमुंडसेन शिकला’ हे वाक्य राहतं आणि ‘कोणी शिकवलं’ याचं उत्तर ‘एस्किमोंनी’ एवढंच मिळतं. ते नाव आज त्या लोकांना नको आहे. आणि त्या नावामागे शिवणाऱ्या बायका आणखी एक पडदा आत आहेत.

तुमच्या प्रस्तावासाठी

इथे सावध राहा. उत्साहात ‘खऱ्या नायिका बायकाच’ असं लिहिणं सोपं आहे, पण तो फक्त नायक बदलणं झालं. शिकाऱ्याने सील आणला नाही तर चामडं नाही, चामडं शिवलं नाही तर शिकार नाही. अभ्यासायची गोष्ट हा परस्परांवरचा आधार आहे. दातांच्या झिजेलाही एकच कारण नसतं. आहार, वय आणि पुरुषांनी दातांत धरलेले चामड्याचे पट्टे, हे सगळं तपासून मगच विधान करा. आणि सगळं भूतकाळात ढकलू नका. कामिक आजही शिवले जातात, शिकवले जातात.

प्रस्ताव लिहिताना ‘शिकारी समाजांतील पादत्राणे’ असा ऐसपैस विषय घेऊ नका. मार्गदर्शक पहिल्याच भेटीत विचारतील, ‘बरं, पण प्रश्न काय?’ वस्तू हातात घ्या आणि ती कुठे फसू शकते ते शोधा. बुटाच्या बाबतीत ती जागा शिवण होती. जिथे फसू शकते तिथेच कोणाचं तरी कसब सगळ्यात जास्त लागतं. मग विचारा: हे कसब कोणाचं, ते कोणाकडून शिकलं, त्याचा शरीरावर काय परिणाम झाला, आणि नोंदीत ते का नाही? या चार प्रश्नांना चार वेगळ्या प्रकारचे पुरावे लागतील. प्रत्येक प्रश्नासमोर आपल्याकडे कोणता पुरावा आहे तो लिहून काढा. जिथे रकाना रिकामा राहील, तिथून तुमचं काम सुरू होतं.