आस्गर योर्न
* आस्गर योर्न (१९१४–१९७३) : डॅनिश चित्रकार; मूळ आडनाव योर्गेन्सन. १९३६मध्ये पॅरिसला जाऊन फेर्नां लेजे यांच्याकडे शिकले. कोपनहेगन, ब्रसेल्स व अ‍ॅमस्टरडॅम येथील कलावंतांनी १९४८मध्ये काढलेल्या ‘कोब्रा’ गटाच्या संस्थापकांपैकी एक. लहान मुलांच्या चित्रांतला व लोककलेतला मोकळेपणा या गटाला जवळचा वाटे. पुढे जुन्या बाजारातली अनामिकांची चित्रे विकत घेऊन योर्न यांनी त्यांवरच रंगांचे फटकारे ओढले, विचित्र प्राणी उमटवले. खालचे गुळगुळीत निसर्गदृश्य मात्र मधूनमधून दिसत राहते. १९६४मध्ये गुगेनहाइम पारितोषिक त्यांनी तार पाठवून धुडकावले. ‘स्टालिनग्राड’ हे भव्य चित्र ते १९५७पासून १९७२पर्यंत अधूनमधून रंगवत होते. ते सिल्केबोर्ग येथील योर्न संग्रहालयात आहे.