आठ मैलांचा फाटा

आमच्या लहानपणी दिवाळी सुरू व्हायची ती जलंबच्या फलाटावर. आत्या मुंबईहून यायची. मोठी गाडी तिला जलंबला उतरवून नागपूरकडे निघून जाई आणि खामगावची छोटी गाडी सुटेपर्यंत आम्ही वळकटीवर बसून तिच्या डब्यातला चिवडा संपवीत असू. ‘‘मोठी गाडी आपल्या गावात का येत नाही, आबा?’’ मी एकदा विचारले. आबांची सारी हयात कापसाच्या जिनात गेलेली. ते म्हणाले, ‘‘गावच आडबाजूले हाय, गाडीचा काय दोष बाप्पा?’’

पुढे मी मास्तर झालो, आणि हाच प्रश्न वर्गातली मुले मला विचारू लागली. तेव्हा शोध घेणे भाग पडले.

एके काळी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरला, गंगेकाठी जात असे. वाटेत तो पावसात भिजे, धुळीने माखे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपविले. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि साहेबाची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. त्याच सुमारास जी. आय. पी. रेल्वेचे रूळ भुसावळहून पूर्वेकडे सरकत होते. १८६७ साली ते नागपुरास पोहोचले. रुळांना हवी सपाटी, ती पूर्णेच्या खोऱ्यात मिळाली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी रेघ ओढली गेली. खामगाव राहिले दक्षिणेला, आठ मैलांवर.

पण बाजार होता खामगावात! घाटावरून उतरणाऱ्या कापसाच्या गाड्या तिथेच येऊन सुटत. अखेर सरकारनेच आठ मैलांचा फाटा टाकला, आणि १८७० च्या मार्चमध्ये तो उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एवढ्याशा फाट्यासाठी एवढा मोठा पाहुणा! हे प्रेम खामगावकरांवरचे नव्हते, कापसाच्या गाठींवरचे होते, हे सांगायला नकोच. (बिचारा मेयो! दोनच वर्षांनी अंदमानात त्याचा खून झाला.)

फाटा खामगावला येऊन थांबला तो थांबलाच. तो पुढे घाटावर चढावा, जालन्यापर्यंत जावा, ही मागणी इंग्रजी अमदानीपासूनची. रूळ अजून तिकडे गेलेले नाहीत. उलट शेगावचे पाहा. १८७८ साली तिथे गजानन महाराज प्रगटले आणि आज मोठ्या गाडीतून भाविकांची झुंबड तिथे उतरते. मोटाररस्त्याने मात्र आमच्यावर रुळांसारखा रुसवा धरला नाही. ज्याला सहा नंबर म्हणायची सवय जात नाही आणि ज्याचा आकडा आता ५३ झाला आहे, तो राष्ट्रीय महामार्ग खामगावला आला, आणि गाठी मालमोटारींत चढू लागल्या.

फाट्याने गावाचा कापूस नेला, असे आबा म्हणत. मला ते पटत नाही. फाटा नसता तर बाजारच मोठ्या लाइनीवर उठून गेला असता. पण आबांचे दुःख निराळे होते. त्यांचा थोरला मुलगा, माझा काका, त्याच गाडीने कापसाच्या मागोमाग मुंबईच्या गिरणीत गेला होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वर्ष लोटले तरी तो मिटेना, तेव्हा काका एक पत्र्याची ट्रंक घेऊन जलंबला उतरला. मी तेव्हा आईच्या कडेवर होतो. हे सारे तिच्याकडून ऐकलेले. आबा त्याला घ्यायला गेले होते. त्यांनी काही विचारले नाही. ट्रंकेची एक कडी धरली, दुसरी काकाने धरली, आणि दोघे छोट्या गाडीकडे चालू लागले.