कोंबडीच्या खाद्यातली पांढरी पावडर आणि तिचा इतिहास

गेल्या आठवड्यात आपल्याच तालुक्यातल्या एका शेडवर गेलो होतो. करारावर ब्रॉयलर पाळणारा शेतकरी. लिटर ओलं, पक्षी मलूल, वजनं मागे. कंपनीचा सुपरवायझर म्हणतो तुमचं व्यवस्थापन चुकलं, शेतकरी म्हणतो तुमचं खाद्य बदललं. लिटर ओलं व्हायला दहा कारणं असतात, त्यामुळे मी निकाल देत नाही. पण पोतं उलटसुलट करून पाहिलं, तर प्रथिनांची टक्केवारी तेवढी छापलेली. आणि खरी गोष्ट त्या टक्केवारीच्या आत असते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मक्यात लायसिन कमी, सोयापेंडीत मेथिओनिन कमी. आपल्या आज्यांनी भाकरीबरोबर पिठलं आणि भाताबरोबर वरण दिलं ते याच हिशोबानं, एकाची तूट दुसऱ्यानं भरायची. कोंबडीचं मात्र तेवढ्यानं भागत नाही. तिला अंगभर पिसं उगवायची असतात आणि पिसांना गंधक असलेली अमिनो आम्लं लागतात. म्हणून मका-सोया दोन्ही घालूनही मेथिओनिन कमीच पडतं. पूर्वी ही तूट सुक्या मासळीच्या कुटानं भरायचे.

मेथिओनिन सापडलं १९२०च्या दशकात, अमेरिकेत. जॉन म्यूलर नावाचे शास्त्रज्ञ जंतू वाढवायला काय लागतं ते शोधत होते, कोंबडीचा संबंधही नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत ते कारखान्यात बनायला लागलं. लायसिनची गोष्ट जपानची. १९५६च्या सुमारास किनोशिता यांच्या चमूला ग्लुटामेट बनवणारा जिवाणू सापडला (ग्लुटामेट म्हणजे आपल्या चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो), आणि दोनेक वर्षांत त्याच जातकुळीतल्या जिवाणूकडून लायसिनही काढून घेतलं.

पण त्याच काळात एक सोपा रस्ताही सापडला होता. १९४०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ऑरिओमायसिन या अँटिबायोटिकच्या उत्पादनातला चोथा पिल्लांना घातला, तर पिल्लं भराभर वाढली. मग काय, जगभर खाद्यात अँटिबायोटिक आलं. त्यानं पोटातल्या चुका झाकल्या. न पचलेलं प्रथिन आतड्याच्या खालच्या भागात गेलं की क्लॉस्ट्रिडियमसारख्या जंतूंची मेजवानी होते, आतड्याचं अस्तर सडतं, पक्षी मरतात. औषध चालू असेपर्यंत हे दबून राहायचं. स्वीडननं १९८६ मध्ये वाढीसाठीची अँटिबायोटिक्स बंद केली, युरोपियन युनियननं २००६ पासून. आपल्याकडे २०१९ मध्ये कोलिस्टिनवर बंदी आली, आणि ती योग्यच होती. माणसाच्या शेवटच्या उपायातलं औषध आपण कोंबडीला चारत होतो.

आता झाकण निघालं, म्हणजे पोटच धड हवं. तिथं या पावडरी कामाला येतात. आतड्याला जो चिकट लेप असतो, त्यात थ्रिओनिन भरपूर लागतं. ते कमी पडलं तर लेप पातळ आणि जंतूंना दार उघडं. शिवाय अमिनो आम्लं मोजून घातली की एकूण प्रथिन थोडं कमी करता येतं. न पचलेलं कमी उरतं, शेडमधला डोळे झोंबवणारा अमोनियाही घटतो. अट एकच, मोजून घालायला हवीत. पेंड कमी केली आणि पावडरही वाचवली, तर भोगायचं पक्ष्यानं आणि पाळणाऱ्यानं.

पेंड वाचवायचा मोह का होतो, हे आपल्याला २०२१ मध्ये कळलं. सोयाबीन दहा हजारांवर गेलं, पोल्ट्रीवाले ओरडले, आणि ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. पुढे भाव उतरले आणि सोयाबीनवाला शेतकरी चिडला. गंमत अशी, की आपल्याकडे अनेक घरांत थोरला सोयाबीन लावतो आणि धाकट्याची शेड असते!

बरं, पावडरीचा भाव तरी कुणाच्या हातात? १९९० च्या दशकात अमेरिका, जपान, कोरियाच्या मोजक्या कंपन्यांनी हॉटेलांत बसून लायसिनचा जगभरचा भाव ठरवला आणि काही महिन्यांत तो जवळपास ७० टक्क्यांनी चढवला. त्यातल्याच एडीएम कंपनीचा अधिकारी मार्क व्हिटाकर एफबीआयसाठी गुपचूप टेप करत होता. स्पर्धक आपले मित्र आणि ग्राहक शत्रू, अशी भाषा त्या टेपांत आहे. १९९६ मध्ये एडीएमनं गुन्हा कबूल करून १० कोटी डॉलर दंड भरला (त्यात सायट्रिक आम्लाचंही प्रकरण होतं). त्या काळात जगभर ज्या पाळणाऱ्यांनी चढ्या भावाचं खाद्य घेतलं, त्यातल्या बहुतेकांनी लायसिन हा शब्दही ऐकला नसेल.

आपल्या शेतकऱ्यानं मात्र तो ऐकलाय. सुपरवायझरच्या हातात त्यानं लेखी अर्ज दिला: पोत्यावर लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन किती ते छापा, आणि आमच्या समोर खाद्याचा नमुना तपासायला पाठवा. पोच मिळाली नाही. पक्षी शुक्रवारी उचलणार आहेत आणि एफसीआर बिघडला म्हणून पैसे कापणार, हे तोंडी सांगून झालंय.